नेटवर्क फाइल सर्व्हरमधील लॉक व कॅश यांची पुनर्प्राप्ती

नेटवर्क फाइल सर्व्हर आपल्या डिस्कवरील फाइली अनेक संगणकांना, म्हणजे क्लायंटना, एकाच वेळी वापरू देतो. एकाच फाइलीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणून क्लायंट त्या फाइलीवर किंवा तिच्या काही भागावर लॉक (कुलूप) घेतो. प्रत्येक वाचनासाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटा पडू नये म्हणून तो फाइलीतील मजकूर स्वतःच्या स्मृतीत साठवूनही ठेवतो. या साठ्याला कॅश म्हणतात. मराठी कानाला हा शब्द रोख रकमेची आठवण करून देतो, पण येथे त्याचा पैशांशी संबंध नाही. क्लायंट व सर्व्हर यांचा संपर्क तुटून पुन्हा जुळला, तर आधीच्या लॉकपैकी कोणते टिकले आणि कॅशमधील कोणता मजकूर अजून खरा आहे, हे ठरवावे लागते.

या प्रश्नाच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. क्लायंटकडून काहीच ऐकू येत नसेल, तर तो बंद पडला आहे की केवळ वाट तुटली आहे, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नसतो. बंद पडला असेल तर त्याचे लॉक सोडवले पाहिजे, अन्यथा इतर क्लायंट अडकून पडतात; पण तो चालू असेल आणि लॉक सोडवले, तर लॉक आपल्याकडेच आहे या समजुतीने तो लिहीत राहतो आणि फाइल बिघडते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणलेल्या एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) प्रणालीने हा प्रश्न आरंभी टाळला. तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीचा सर्व्हर क्लायंटविषयी काहीही लक्षात ठेवत नसे. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असल्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंट तीच विनंती पुनःपुन्हा पाठवत राही आणि उत्तर मिळताच काम पुढे चालू होई. लॉक मात्र लक्षात ठेवल्याशिवाय देता येत नाही. त्यामुळे लॉकसाठी एनएलएम नावाचा वेगळा प्रोटोकॉल (यंत्रांमधील संवादाचे ठरलेले नियम) आणि कोण पुन्हा सुरू झाले याची वर्दी देणारा एनएसएम नावाचा दुसरा प्रोटोकॉल जोडावा लागला. ज्यांच्याशी लॉकचा व्यवहार आहे अशा यंत्रांची यादी दोन्ही बाजू डिस्कवर ठेवत आणि एखादे यंत्र पुन्हा सुरू झाले की ते यादीतील सर्वांना तसे कळवत असे. सर्व्हरची वर्दी आली की क्लायंट आपली लॉक पुन्हा मागत. क्लायंटची वर्दी आली की सर्व्हर त्याची जुनी लॉक सोडून देई. पण कायमचा बंद पडलेला क्लायंट वर्दी देणार तरी कधी? त्याचे लॉक व्यवस्थापकाने हाताने सोडवेपर्यंत तसेच राही. वर्दीतील यंत्राचे नाव सर्व्हरला ठाऊक असलेल्या नावाशी जुळले नाही, किंवा वाटेत फायरवॉल (नको ते संदेश अडवणारी संरक्षक यंत्रणा) आडवी आली, तरी परिणाम तोच होई.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने (पहिला मसुदा २०००, सुधारित २००३) लॉक मुख्य प्रोटोकॉलमध्येच आणले आणि त्याला मुदत घातली. या मुदतीला लीज म्हणतात. लीजची ही कल्पना केरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये कॅशच्या संदर्भात मांडली होती. लॉक क्लायंटच्या मालकीचे नसून ठरावीक काळापुरते भाड्याने दिलेले असते, आणि मुदत संपण्यापूर्वी क्लायंटने संपर्क साधून ती वाढवून घ्यायची असते. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते. क्लायंट विनंती पाठविल्याच्या क्षणापासून मुदत मोजतो आणि सर्व्हर ती मिळाल्यापासून मोजतो. त्यामुळे क्लायंटची मुदत नेहमी थोडी आधी संपते. दोन्हींची घड्याळे जुळलेली नसली तरी चालते, फक्त ती साधारण सारख्या वेगाने चालली पाहिजेत.

सर्व्हर पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याच्या स्मृतीतील लॉकची नोंद पुसली गेलेली असते. अशा वेळी तो सवलतीचा काळ जाहीर करतो, जो निदान लीजच्या मुदतीएवढा असतो. या काळात नवे लॉक कोणालाच मिळत नाही. ज्यांच्याकडे आधी लॉक होते त्यांनी ते परत सांगायचे असते आणि सर्व्हर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. सर्व्हर सुरू झाल्यानंतर दीड मिनिट सगळे ठप्प झाल्यासारखे वापरणाऱ्याला वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते. २०१० च्या ४.१ आवृत्तीत परत सांगणे पूर्ण झाल्याचे क्लायंटने स्पष्ट कळविण्याची सोय झाली, त्यामुळे सर्वांनी तसे कळविल्यास हा काळ लवकर आटोपता येतो.

शब्दावर विश्वास ठेवण्यात एक फट आहे, आणि या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. समजा, क या क्लायंटकडे लॉक आहे आणि त्याची वाट तुटली. मुदत संपल्यावर सर्व्हरने ते लॉक ख ला दिले. ख ने फाइल बदलून ते सोडले. नंतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि नेमकी त्याच वेळी क ची वाट जुळली. क ला मधले काही ठाऊक नाही. तो प्रामाणिकपणे जुने लॉक परत मागतो. सर्व्हरलाही मधले काही आठवत नसेल, तर तो ते देऊन टाकतो, आणि क आपल्या शिळ्या माहितीवरून फाइलीत लिहितो. हे टाळण्यासाठी कोणत्या क्लायंटकडे लॉक आहे आणि कोणाची मुदत संपली, याची किमान नोंद सर्व्हरने डिस्कवर ठेवली पाहिजे. प्रत्येक लॉकची नोंद आवश्यक नसते, क्लायंटचे नाव पुरते. लिनक्सवर हे काम स्वतंत्र प्रक्रियेकडे दिलेले आढळते.

मुदत संपली, तरी ते लॉक दुसऱ्या कोणी मागितलेच नसेल, तर सोडविण्याची घाई कशाला, असा विचार करून २०२२ मधील लिनक्स ५.१९ पासून सर्व्हर अशा क्लायंटची नोंद एक दिवसापर्यंत राखून ठेवतो आणि दुसऱ्याचा हक्क आड आला तरच मोडतो. क्लायंटच्या बाजूने मात्र लिनक्सने २०१३ मध्ये उलट, कडक धोरण घेतले. पूर्वी तो हरवलेले लॉक गुपचूप नव्याने मिळवी. आता त्या फाइलीवर काम करणाऱ्या प्रोग्रामला वाचन-लेखनाची त्रुटी परत मिळते. प्रोग्राम अडतो, पण मधल्या काळात दुसऱ्याने केलेला बदल नकळत पुसला जात नाही, म्हणून हे धोरण योग्यच म्हटले पाहिजे.

कॅशचा प्रश्न लॉकपासून वेगळा काढता येत नाही. एनएफएसमध्ये फाइल उघडताना क्लायंट ती बदलली आहे का हे सर्व्हरला विचारतो आणि बंद करताना आपले लेखन सर्व्हरकडे पोहोचवतो. दरम्यान फाइलीची माहिती लिनक्सवर सहसा ३ ते ६० सेकंद न विचारता खरी मानली जाते. लॉक घेताना कॅश पुन्हा तपासली जाते आणि सोडण्यापूर्वी न पाठविलेले लेखन पाठविले जाते. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर क्लायंटला फाइलीचा कारभारच सोपवू शकतो. याला डेलिगेशन म्हणतात. ते असेपर्यंत क्लायंट काही न विचारता कॅशवरून काम करतो आणि दुसऱ्या कोणाला फाइल हवी झाली की सर्व्हर ते परत बोलावतो. वाट तुटलेली असेल तर हे बोलावणे पोहोचत नाही. म्हणून डेलिगेशनही लीजला बांधलेले असते आणि मुदत सरल्यावर त्याच्या भरवशावर राखलेली कॅश क्लायंटला विश्वासार्ह मानता येत नाही.

लेखनासाठी तिसऱ्या आवृत्तीतच (१९९५) एक सुटसुटीत युक्ती आली. सर्व्हर मजकूर डिस्कवर न टाकताच पोच देऊ शकतो, पण प्रत्येक पोचेबरोबर आठ बाइटांची एक खूण पाठवतो, जी सर्व्हर पुन्हा सुरू झाला की बदलते. शेवटी सारे डिस्कवर टाकण्याची विनंती केल्यावर वेगळी खूण आली, तर मधले लेखन हरवले असू शकते हे क्लायंट ओळखतो आणि तोवर जपून ठेवलेली प्रत पुन्हा पाठवतो.

विंडोजच्या जगात वापरल्या जाणाऱ्या एसएमबी प्रोटोकॉलचा मार्ग निराळा आहे. त्याच्या पहिल्या पिढीत उघडलेली फाइल व तिची लॉक टीसीपी जोडणीशी, म्हणजे दोन यंत्रांमधील चालू संपर्काशी, बांधलेली असत. जोडणी तुटली की सारे संपले. कॅशची परवानगी ऑपलॉक नावाने मिळे. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या २.० आवृत्तीत टिकाऊ हँडल आले. हँडल म्हणजे उघडलेल्या फाइलीची सर्व्हरने क्लायंटला दिलेली ओळखखूण. जोडणी तुटल्यावर सर्व्हर उघडी फाइल काही काळ राखून ठेवतो, मात्र क्लायंटकडे योग्य प्रकारचे ऑपलॉक असेल तरच. आणि दरम्यान दुसऱ्याने तीच फाइल विरोधी पद्धतीने उघडू पाहिली, तर गैरहजर क्लायंटचे हँडल बंद केले जाते. २.१ मध्ये वाचन, लेखन व हँडल यांची कॅश वेगवेगळी देणारे लीज आले. नाव एकच असले तरी हे एनएफएसचे लीज नव्हे. याला वेळेची मुदत नसून हे परत मागेपर्यंत चालते. विंडोज सर्व्हर २०१२ मधील ३.० आवृत्तीने त्याही पुढे जाऊन कायम हँडल आणले. त्याची नोंद डिस्कवर असल्याने एक सर्व्हर बंद पडल्यास समूहातील दुसरा सर्व्हर ते पुढे चालवतो, आणि मूळ क्लायंट परतेपर्यंत ठरावीक काळ इतरांना थोपवून धरतो. अशा फाइलींतील लेखनाची पोच ते डिस्कवर पोहोचल्यावरच दिली जाते. त्यामुळे ही सोय आभासी यंत्रांच्या डिस्क व डेटाबेस यांच्यासाठी उपयुक्त ठरली, तर कार्यालयातील साध्या कागदपत्रांच्या फोल्डरसाठी ती संथ पडते.