‘मागितली तर’ मिळणारी स्ट्रॉ

१९३०च्या दशकातली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ फ्रीडमनची चिमुरडी उंच ग्लासातल्या सरळ स्ट्रॉशी झटत होती. तोंड काही पोचेना. फ्रीडमनने कागदी स्ट्रॉत स्क्रू सरकवला, आट्यांवरून दोरा आवळला आणि स्क्रू काढून घेतला. उरलेल्या वळ्यांवर स्ट्रॉ छान वाकली! १९३७ साली त्याला पेटंट मिळालं. पण १९४७ साली तिची पहिली विक्री झाली ती एका रुग्णालयाला. पडून असलेल्या रुग्णाला आता मान न उचलता पिता येणार होतं.

पुढे ती प्लॅस्टिकची झाली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा न राहणं), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार), मणक्याची इजा अशा कारणांनी ज्यांना कप उचलताच येत नाही, त्यांना घोटभर पाण्यासाठीही दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. स्ट्रॉ असली की ती हाक वाचते. (गिळण्याचा त्रास असणाऱ्या काहींना मात्र स्ट्रॉने घोट आवरत नाही, त्यांनी थेरपिस्टला विचारूनच वापरावी.)

प्रदूषणामुळे काही देशांनी प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आणली आहे. त्यावर “मग कागदी वापरा की!” हे उत्तर मला फार घाईचं वाटतं. सावकाश पिणाऱ्याच्या तोंडात कागदी नळीचा लगदा होतो आणि तुकडा घशात अडकू शकतो. सेरेब्रल पाल्सीत जबडा अचानक घट्ट मिटू शकतो; तेव्हा दातांखाली धातूची नळी आली तर दात दुखावतो, काचेची आली तर विचारायलाच नको. शिवाय गरम पेयात धातू लगेच तापतो. सिलिकॉनची नळी बरीच सोयीची, पण ती आतून ब्रशने घासायला चालते हात लागतात. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉतलं पॉलिप्रॉपिलीन उकळत्या पाण्यातही वितळत नाही, चावलं तर नुसतं चेपतं, हवं तसं वाकतं.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१० या एका वर्षात सुमारे ८० लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं. ते थांबायलाच हवं. त्यात स्ट्रॉचा वाटा अगदी किरकोळ, तरी बंदीच्या यादीत ती पुढे.

इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२० पासून बंदी आणली, पण सूट ठेवली. औषधाच्या दुकानात स्ट्रॉ विकत मिळते, आणि हॉटेलात ग्राहकाने मागितली तर देता येते; दर्शनी मात्र ठेवायची नाही. अपंगत्वाचा पुरावा दाखवावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण ‘मागितली तर’ या शब्दांत आहे. सेरेब्रल पाल्सीत हातांचे स्नायू ताब्यात राहत नाहीत, तसे अनेकदा जिभेचे आणि ओठांचेही. ज्याला कप उचलता येत नाही, त्याचाच ‘स्ट्रॉ’ हा शब्द समोरच्याला कळत नाही, आणि बोट दाखवावं तर समोर स्ट्रॉ नसते.