बँकेच्या ई-लिलावातली खरेदी फसते तेव्हा: पार्श्वभूमी

थकीत कर्जाचे तारण कोर्टाची पायरी न चढता विकण्याची मुभा बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाली. हा वसुलीचा कायदा. बोली लावणाऱ्याचा विचार त्यात जेवढ्यास तेवढाच. लिलाव संगणकावर आला तरी पैसे भरण्याचे वेळापत्रक जुनेच राहिले. बोली मान्य झाली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरायचे. बाकीचे विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. मुदतवाढ लेखीच हवी, आणि नोव्हेंबर २०१६ च्या दुरुस्तीपासून ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही.

पंधरा दिवसांत गृहकर्ज हाती पडणे कठीण, आणि खरी अडचण इथेच होते. उरलेली रक्कम चुकली की या कायद्याखालच्या नियम ९(५) प्रमाणे २५ टक्के जप्त. बँकेचे नुकसान झालेच नसेल तरी? तमिळनाडूतल्या एका प्रकरणात १२.२७ कोटींच्या बोलीवरचे तीन कोटींहून अधिक असे अडकले; पुढे तीच मालमत्ता बँकेने जास्त किमतीला विकली. करार कायद्यानुसार जप्ती नुकसानीपेक्षा मोठी नसावी, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते उलटवले: ही जप्ती करारातली नव्हे, कायद्याने ठरवलेली, तिला करार कायद्याची नुकसानभरपाईची कलमे ७३ आणि ७४ लागू नाहीत. अपवादात्मक परिस्थितीची फट तेवढी ठेवली. नुसती बोली लावून दर पाडणाऱ्यांना यामुळे आळा बसेल हे खरे, पण कर्ज काढून घर घेणाराही त्याच तराजूत बसला. म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीआधीच घ्यावी आणि मुदतवाढीचे पत्र तारीख उलटण्यापूर्वी मिळवावे.

उलट बाजूने, पूर्ण रक्कम भरलेल्या खरेदीदाराला बळ मिळाले ते सप्टेंबर २०२३ मध्ये. २०१६ पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदार थकबाकी भरून मालमत्ता सोडवू शके. नवी मुंबईतल्या एका औद्योगिक भूखंडासाठी लिलावात १०५.०५ कोटी भरले गेले. कर्जदाराने नंतर १२९ कोटी देऊ केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ठरवले की २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवणुकीचा हक्क संपतो.

बाकी संरक्षण तोकडेच. नोटिशीतले ‘जसे आहे जेथे आहे’, म्हणजे दोषांसह आहे त्या स्थितीत विक्री, खरेदीदाराच्या अंगावर येते. अशा तत्त्वावर लिलावात भूखंड घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यातला ‘ग्राहक’ नाही, असे २००९ मध्येच ठरले. जुनी वीजथकबाकी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, हे २०२३ मध्ये. बँकेला माहीत असलेले बोजे नोटिशीत लिहिणे बंधनकारक आहे, माहीत नसलेले नाही. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, विजेचे बिल आणि निबंधक कार्यालयातला शोध ज्याचा त्यानेच पाहायचा. दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, ४५ दिवसांत.

नोटिशीत ‘प्रतीकात्मक ताबा’, म्हणजे फक्त कागदोपत्री ताबा, असेल तर आत अजून कर्जदार किंवा भाडेकरू राहत असण्याची शक्यता धरावी. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आदेशाला ३० दिवस, कारण नोंदवून एकूण ६०. एवढ्यात काम उरकेलच असे नाही, आणि तोवर खरेदीदाराच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच असतो.