पाकळी मोजायची कशी?

जानेवारी 1855. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याचे 32,393 सैनिक होते. त्या एका महिन्यात जखमांनी 83 जण दगावले. पटकी, हगवण, ताप अशा रोगांनी गेले 2,761.

असे आकडे तक्त्यात ओळीने मांडले की एक वाचेपर्यंत आधीचा विसरतो. इस्तंबूलजवळच्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना हे विसरणं परवडणारं नव्हतं. बहुतेक सैनिक शत्रूच्या गोळीने मेले नव्हते, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि ते सरकारच्या गळी उतरवायचं होतं. म्हणून 1858 मध्ये त्यांनी आज ‘गुलाब आलेख’ म्हणून ओळखला जाणारा आलेख छापला. वर्तुळाचे 12 सारखे भाग, दर महिन्याला 30 अंशांची एक पाकळी. रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, इतर कारणांचे काळे.

पाकळीत नुसती संख्या नाही, हजार सैनिकांमागे वर्षाला किती मृत्यू, हा दर आहे. महिन्याचे मृत्यू भागिले सैन्य, गुणिले 12, गुणिले 1000. जानेवारीतल्या रोगांचा हा दर निघतो हजारी 1,023. म्हणजे नवी कुमक आली नसती आणि मृत्यू त्याच गतीने होत राहिले असते, तर एकट्या रोगराईने वर्षाच्या आत सगळं सैन्य संपलं असतं.

आता हा दर पाकळीत भरायचा कसा? इथे भाकरी आठवावी. दुप्पट रुंदीची, तेवढ्याच जाडीची भाकरी थापायला पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. पाकळीचंही तेच. जानेवारीत रोगांचे मृत्यू जखमांच्या मृत्यूंच्या सुमारे 33 पट आहेत. निळ्या पाकळीची लांबी लाल पाकळीच्या 33 पट काढली, तर तिचं क्षेत्र होईल जवळपास 1,100 पट. बघणारा क्षेत्र बघतो, त्यामुळे खरा आकडा वापरूनही चित्र खोटं ठरतं. नाइटिंगेल यांच्या आधीच्या एका आलेखात लांबीच दराच्या प्रमाणात घेतलेली होती. पुढच्या आलेखात त्यांनी हे बदललं: क्षेत्र दराच्या प्रमाणात, म्हणजे लांबी दराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. लाल पाकळी 1 सेंटिमीटर असेल, तर निळी 5.8 सेंटिमीटर. हा बदल मला त्या गुलाबाच्या देखणेपणापेक्षा मोठा वाटतो.

तरीही एक अडचण उरतेच. क्षेत्रांची तुलना आपल्या डोळ्याला नीट जमत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की एकाच पट्टीवरची ठिकाणं माणूस सर्वांत अचूक ताडतो. लांबी त्याखालोखाल, कोन त्याहून कमी, आणि क्षेत्र आणखी कमी. शाळेतल्या साध्या स्तंभालेखाचं बळ यातच आहे. विल्यम प्लेफेअर यांनी तो 1786 मध्येच छापला होता. जानेवारीचे दोन आकडे त्यात मांडले, तर लाल स्तंभ 3 मिलिमीटरचा आणि निळा 10 सेंटिमीटरचा. शेजारी शेजारी, एकाच पायावर उभे. वर्गमूळ काढायची गरज नाही. फक्त उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून हवी. पाया वर उचलला की स्तंभांचं प्रमाण बिघडतं.

गुलाबात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. गुलाब दोन आहेत: पहिला एप्रिल 1854 ते मार्च 1855, दुसरा त्यापुढच्या वर्षाचा. दुसरा पहिल्यापेक्षा कितीतरी लहान. मार्च 1855 मध्ये सरकारने पाठवलेलं स्वच्छता पथक स्कुतारीत पोहोचलं आणि गटारं साफ होऊ लागली. म्हणून ही विभागणी नेमकी वाटते. पण रेषालेख काढून बघा. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर रोगांचे मृत्यू: जानेवारी 2,761, फेब्रुवारी 2,120, मार्च 1,205, एप्रिल 477. रेषा मार्चच्या आधीच उतरणीला लागलेली दिसते. हा काळ दोन गुलाबांत तोडल्यामुळे ही सलग उतरण दिसेनाशी होते.

मग स्वच्छतेचा उपयोग झालाच नाही का? तसंही नाही. फेब्रुवारीत आकडा 23 टक्क्यांनी उतरला, मार्चमध्ये 43 टक्क्यांनी, एप्रिलमध्ये 60 टक्क्यांनी. थंडी ओसरत होती, रसदही सुधारत होती, त्यामुळे सगळं श्रेय गटारं साफ करणाऱ्यांना देता येणार नाही. पण उतरण्याचा वेग दर महिन्याला वाढत होता, आणि हे साध्या रेषेतही चटकन दिसत नाही. संख्येने सर्वांत मोठी घट मार्चमधली, 915 मृत्यूंची, म्हणून रेषा तिथेच सर्वांत तीव्र उतरते. एप्रिलची 60 टक्क्यांची घट दाखवायची, तर टक्केवारीचा वेगळा आलेख काढावा लागतो.