प्रकटीकरणातली चिन्हं : बायबलमधल्या शेवटच्या काळाच्या भविष्यवाणीचा अर्थ कसा लावतात

बायबलमध्ये शेवटच्या काळाबद्दल जे लिहिलंय ते सरळ वाक्यात कमी आणि चित्रांत जास्त आहे. सात डोक्यांचं श्वापद, तांबडा अजगर, चार घोडेस्वार, शिक्के, कर्णे, वाट्या, आणि या चित्रांचा अर्थ काढायच्या ज्या पद्धती दोन हजार वर्षांत तयार झाल्या त्यांच्याबद्दल ही नोंद आहे. मुख्य मजकूर दोन ठिकाणी, नव्या करारातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण आणि जुन्या करारातला दानीएल, आणि जोडीला यहेज्केल, जखऱ्या, योएल, मत्तयचा २४ वा अध्याय, पौलाची थेस्सलनीकरांस पत्रं. प्रकटीकरणाचं मूळ ग्रीक नाव अपोकॅलिप्सिस, त्याचा अर्थ पडदा बाजूला करणं, म्हणजे लपवण्यासाठी नाही तर दाखवण्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे हे.

आमच्या सांगली-मिरजेकडे हा विषय नुसता पुस्तकातला नाही. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा इतिहास त्या आवाराशी जोडलेला आहे, त्या घरांमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रकटीकरण निघालं की सगळे सावरून बसतात. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा लोक विचारत होते की हा शेवटच्या काळाचा पूर आहे का, मग कोरोना आला आणि लस म्हणजे श्वापदाची खूण (प्रकटीकरणात श्वापदामागे जाणाऱ्यांच्या हातावर किंवा कपाळावर असते ती) असे मेसेज मोबाईलवर फिरले, आणि माझ्या नात्यातल्या एका मावशींनी त्या भीतीने लस कितीतरी महिने लांबवली. म्हणून अर्थ लावायची रीत नीट माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं.

चिन्हाची भाषा मराठी माणसाला परकी नाही खरं तर. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा कोणी काठी घेऊन विंचू शोधायला जात नाही, तो काम-क्रोधाचा विंचू आहे हे भारुडातच सांगितलेलं आहे. प्रकटीकरणातही बऱ्याच चिन्हांचा उलगडा पुस्तकातच आहे: सात समया म्हणजे सात मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समुदाय (१:२०, पहिला अध्याय, विसावं वचन), अजगर म्हणजे सैतान (१२:९), पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं (१७:१५), श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर (१७:९), आणि सात टेकड्यांचं शहर म्हटलं की त्या काळच्या ऐकणाऱ्याला रोमच आठवणार. दानीएल ८ मध्ये तर देवदूत सरळ सांगतो की एडका म्हणजे मेद-पारसाचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. पहिला नियम हाच, जिथे उत्तर दिलेलं आहे तिथे दुसरं शोधायचं नाही.

दुसरा नियम, जुना करार उघडा ठेवून वाचायचं. प्रकटीकरणात ४०४ वचनं आहेत आणि त्यात जुन्या कराराचे शेकडो पडसाद आहेत. एक उदाहरण जवळून बघू. नवव्या अध्यायात अथांग डोहातून टोळ निघतात, त्यांचे चेहरे माणसांसारखे, दात सिंहासारखे, शेपट्या विंचवासारख्या, पंखांचा आवाज रथांसारखा. गेल्या काही दशकांत काही प्रचारक याचा अर्थ हेलिकॉप्टर असा सांगतात. पण योएलाचे पहिले दोन अध्याय काढले की बरंचसं तिथेच सापडतं, सिंहाचे दात १:६ ला, घोड्यांसारखं रूप २:४ ला, रथांचा खडखडाट २:५ ला. योएलाच्या टोळांनी शेत ओरबाडलं होतं, इथे मात्र त्यांना हुकूम आहे की गवताला, झाडाला हात लावायचा नाही, आणि हिरवं न खाणारे टोळ हे टोळ नाहीतच हे कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळतं. तसंच १३ व्या अध्यायातलं श्वापद: चित्ता, अस्वल, सिंह एकत्र. दानीएल ७ मध्ये हेच तीन प्राणी आणि चौथं एक भयानक श्वापद वेगवेगळे येतात, चार राज्यं म्हणून, आणि प्रकटीकरण लिहिणारा योहान ते सगळे एका अंगात आणतो, म्हणजे आधीच्या सगळ्या जुलमी सत्तांचा एकच अवतार.

तिसरी गोष्ट, पहिल्यांदा ऐकणारे कोण होते. योहान पात्म बेटावर होता आणि पत्र आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना होतं, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदीकिया. बहुतेक अभ्यासक काळ रोमन सम्राट दोमितियानचा, इ.स. ९५ च्या आसपासचा धरतात, काही जण नीरोनंतरचा, यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० ला पडलं त्याच्या आधीचा. काळ्या घोड्यावरचा स्वार (६:५-६) तराजू घेऊन येतो आणि आवाज येतो, दिनाराला शेरभर गहू, दिनाराला तीन शेर जव. आमच्याकडे मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तसा पुकारलेला भाव आहे हा. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी आणि शेरभर गहू म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं पोट, मग बायकापोरांनी काय खायचं? त्या लोकांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना दूरचं भविष्य नाही, घरातला रिकामा डबा दिसला असणार.

आकडे. सात म्हणजे पूर्णता, बारा म्हणजे देवाचे लोक, हजार म्हणजे मोठी संख्या. देवाच्या शिक्का मारलेल्या सेवकांचा १,४४,००० हा आकडा १२ गुणिले १२ गुणिले १,००० आहे, आणि सातव्या अध्यायात योहान हा आकडा ऐकतो, मग वळून बघतो तर कोणाला मोजता येणार नाही एवढा समुदाय, त्याआधी पाचव्यात तो सिंह आला असं ऐकतो आणि बघतो तर वधलेला कोकरा उभा, दोन्ही ख्रिस्तच. ऐकलं एक, दिसलं एक, दोन्ही मिळून एक गोष्ट. बेचाळीस महिने, १,२६० दिवस आणि साडेतीन काळ हा एकच कालावधी तीन तऱ्हेने, सातचा अर्धा, म्हणजे संकट आहे पण त्याला मर्यादा आहे.

श्वापदाचा आकडा (१३:१८) ६६६, त्याचं तर विचारूच नका, बारकोडपासून आधारपर्यंत सगळ्याला तो चिकटवून झाला. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते, नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००, बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नीरोच्या नावातला शेवटचा नून काढला की नेमकं ५० कमी होऊन ६१६ येतं. मला हे सगळ्यात पटणारं वाटतं, पण सगळे मानत नाहीत.

अर्थ लावणाऱ्यांचे ढोबळ चार गट आहेत. एक म्हणतो बरंचसं पहिल्या शतकातच घडून गेलं, दुसरा म्हणतो हा मंडळीचा पूर्ण इतिहास आहे (धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंट लोक असंच वाचत आणि पोपला श्वापद म्हणत), तिसरा म्हणतो चौथ्या अध्यायापासून पुढचं सगळं अजून व्हायचंय, चौथा म्हणतो ही प्रत्येक काळातली बऱ्या-वाईटाची लढाई. आपल्याकडच्या सभांमधून जास्त ऐकू येतो तो तिसरा, त्यातलं मंडळीचं (विश्वासणाऱ्यांचं) स्वर्गात उचललं जाणं, सात वर्षांचं महासंकट हे सगळं एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून जगभर पसरलं. विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरूनही मतं वेगळी, ख्रिस्त त्याआधी येणार, नंतर येणार, की ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने मांडलं तसं ती हजार वर्षं म्हणजे आताचाच मंडळीचा काळ.

तारीख काढायचा प्रयत्न मात्र दरवेळी फसला. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस वर्षं धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली, आणि शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली, लोकांनी शेतातलं पीक तसंच सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. मत्तय २४:३६ त्यांच्याही बायबलात होतं, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही.

लहानपणी आजीला मी विचारलं होतं की २१ व्या अध्यायातलं नवं यरुशलेम लांबी, रुंदी आणि उंचीला सारखंच बारा हजार स्तद्य (लांबीचं जुनं माप) कसं, एवढं उंच शहर असतं का. तिने उत्तर दिलं नाही, १ राजे ६:२० काढून दिलं. तिथे शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच आहे. मुख्य याजक वर्षातून एकदाच जिथे आत जायचा ती खोली आता अख्खं शहर झालीये, आणि पुढे २१:२२ ला योहान लिहितो की त्या नगरात मंदिर मला दिसलं नाही.