विष सगळ्यात शेवटी

कार्यालयात, दुकानात किंवा गोदामात उंदीर दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: औषध कोणतं टाकायचं? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. तो आत शिरला कुठून आणि इथं टिकला कशाच्या जिवावर, हे आधी शोधायला हवं.

त्यासाठी एक पेन्सिल पुरते. ती घेऊन शटरच्या कडेनं, भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाइपांच्या भोवती फिरा. पेन्सिल आत गेली, तर लहान जातीचा उंदीरही जाईल. त्याला जेमतेम 6 मिलिमीटरची फट लागते. मोठ्या जातीच्या पिल्लाला साधारण 12 मिलिमीटर. अंधार पडल्यावर आतले दिवे लावून बाहेर उभे राहा. दाराखाली उजेडाची रेघ दिसली, तर ते दार उंदरासाठी उघडंच आहे.

फटी बुजवायला बरेच जण फोम किंवा प्लास्टिक वापरतात आणि आठवड्याभरात तिथं पुन्हा भोक पडतं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असतं, मागं त्याहून मऊ डेंटिन. कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार येत राहते. अशा दातांपुढे लाकूडही टिकत नाही, वायरचं वेष्टन तर नाहीच. फॉल्स सिलिंगमध्ये असं वेष्टन कुरतडलं गेलं, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. म्हणून फटीत स्टेनलेस स्टीलची जाळी ठासून वर सिमेंट लिंपावं आणि दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी.

आता टिकण्याचं कारण. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांचा बारकाईनं अभ्यास केला. नुसते उंदीर मारले, तर काही महिन्यांत संख्या पूर्वपदावर येत असे. खाणं आणि आडोसा कमी केला, की ती घटून तशीच राहत असे. त्याचं कारण सरळ आहे. मादी सुमारे 3 आठवड्यांत विते आणि मेलेल्यांचा वाटा उरलेल्यांच्या पोटात जातो. लहान उंदराला दिवसाला 3 ग्रॅमच्या आसपास खाणं पुरतं. टेबलाच्या खणातला खाऊचा उघडा पुडा म्हणजे त्याची कित्येक दिवसांची बेगमी! रात्री कचऱ्याचे डबे झाकलेले असावेत. गोदामातला माल भिंतीपासून निदान 45 सेंटिमीटर दूर रचावा, म्हणजे मागं आडोसा राहत नाही आणि झाडूही फिरतो.

एवढं करूनही आत उरलेल्यांसाठी चाप लावावेत. उंदीर मिशा भिंतीला घासत पळतो, त्यामुळे चाप भिंतीशी काटकोनात आणि आमिषाचं टोक भिंतीकडे ठेवावं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. चाप काही दिवस न चढवताच आमिषासह ठेवला, तर त्याची भीड चेपते.

विषाचं काम अवघड असतं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन 1940च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर सापडले. अशा विषानं उंदीर काही दिवसांनी मरतो, बऱ्याचदा भिंतीच्या पोकळीत, आणि मग दुर्गंधी सुटते. तो घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर त्यांच्याही जिवावर बेततं. त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावं.

लेंड्या कधीही कोरड्या झाडू नयेत, कारण धुळीबरोबर रोगजंतू उडतात. हातमोजे घालून जंतुनाशकानं भिजवाव्यात आणि मग पुसून घ्याव्यात. त्यानंतर भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर पसरून ठेवा. सकाळी त्यावर इवली पावलं उमटलेली दिसली, तर ती जिथून आली आहेत त्या दिशेनं पुन्हा पेन्सिल घेऊन निघा.