पथ्यपाणी की हवापालट? फ्रान्समधले ‘क्यूर’ आणि ‘तालासो’

अंगात पांढरा झगा, पायात सपाता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निघालेली माणसं. फ्रान्समधल्या ‘क्यूर तेर्माल’चा आणि ‘तालासोथेरपी’चा फोटो शेजारी ठेवला तर फरक कळत नाही. आपण दोन्हींना सरसकट ‘स्पा’ म्हणून मोकळे होतो. तिथे मात्र एकाच्या उपचारखर्चातला मोठा वाटा सरकारी आरोग्यविमा उचलतो, दुसऱ्याचा छदामही नाही.

क्यूर म्हणजे जमिनीतून येणाऱ्या खनिजयुक्त पाण्याचा उपचार. विम्याचे पैसे हवे असतील तर तो डॉक्टरने लिहून द्यावा लागतो. मुक्काम तीन आठवड्यांचा, त्यात उपचाराचे १८ दिवस. गावसुद्धा दुखणं बघून ठरतं : सांधेदुखीला दाक्स, त्वचेला ला रोश-पोझे, पचनाला विशी. दाक्सला आदूर नदीचा गाळ गरम झऱ्याच्या पाण्यात मुरवून त्याचा लेप दुखऱ्या सांध्यावर देतात. विशीत पाणी प्यायलाही देतात, पण औषधासारखं : कोणत्या झऱ्याचं आणि किती, ते डॉक्टर सांगणार. पूर्वी लोक मापाच्या रेघा असलेला पेला वेताच्या छोट्या टोपलीत घालून झऱ्यावर जात. मला तो पेला फार बोलका वाटतो. आपण वज्रेश्वरीच्या कुंडात उतरतो ते श्रद्धेने, मनाला येईल तितका वेळ. मोजून पाणी पिणं हे खरं पथ्यपाणी. उपचारांच्या ठरलेल्या दरापैकी ६५ टक्के विमा देतो. राहण्याजेवणाचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो.

तालासोचं पाणी समुद्राचं, तापवलेलं. जोडीला शेवाळाचे लेप आणि किनाऱ्याची हवा. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेला सायकलपटू लुईझों बोबे १९६१च्या मोटार अपघातानंतर याच उपचाराने सावरला आणि १९६४ साली त्याने किबरों इथे स्वतःचं केंद्र काढलं. तिथून तालासोला सुट्टीचं रूप येत गेलं. १९९८ पासून तिला विम्याचा आधार उरला नाही. आता लोक थकवा घालवायला चार-सहा दिवस जातात. आपल्या जुन्या शब्दात, हवापालट करायला.

क्यूरवर सरकारी पैसा का खर्चायचा, हा वाद फ्रान्समध्येही आहे. गुण पाण्याचा, की तीन आठवड्यांच्या विश्रांतीचा आणि व्यायामाचा, असं टीकाकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांच्या वयस्कर माणसाला तीन आठवडे रोज कुणीतरी हात लावून बघतं, याची किंमत मी कमी मानणार नाही.

क्यूर आणि तालासो यांच्यातला गोंधळ वाढतो तो अलीकडच्या ‘मिनी-क्यूर’मुळे. त्याच गावात, त्याच झऱ्याच्या पाण्यात, पण आठवडाभरच किंवा त्याहून कमी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि पूर्ण स्वखर्चाने.