गांधीलमाशीचा ड्रेस घातलेला चोर

हा किडा पहिल्यांदा फोटोत बघितला तेव्हा वाटलं कुणीतरी फोटोशॉप केलंय. अंग आणि पट्टे गांधीलमाशीचे, पुढचे पाय खंडोबाच्या किड्याचे म्हणजे मॅन्टिसचे. नाव क्लायमॅसिएला ब्रुनिया, राहतो कॅनडाच्या दक्षिण भागापासून खाली मध्य अमेरिकेपर्यंत. थॉमस से या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी 1824 मध्ये याचं वर्णन केलं. गांधीलमाशीशी नातं काही नाही आणि मॅन्टिसशीही नाही, वाळूत भोवऱ्यासारखे खड्डे करून मुंग्या धरणारा जो किडा असतो ना, त्याच्या खानदानातला हा. नांगी नाहीच, नुसता ड्रेस, पण तो बघूनच पक्षी लांब राहतात, आणि ज्या भागात जशी गांधीलमाशी तसा याचा रंग!

पण खरा डाव हा लहानपणी खेळतो. मादी पानांवर बारीक देठांची शेकडो अंडी घालते, त्यातून जेमतेम दिसतील एवढ्या अळ्या निघतात आणि वाट बघत बसतात, कुणाची तर वुल्फ स्पायडर कोळ्याची. हा कोळी जाळं विणत नाही, जमिनीवर पळून शिकार करतो. तो जवळून गेला की अळी चढलीच अंगावर, आणि छाती-पोटाच्या मधल्या बारीक कमरेला चिकटून बसते. बहुतेक अळ्यांना गाडी मिळतच नाही, त्या तशाच मरतात, म्हणून तर एवढी अंडी.

कोळीण (डोक्यावर पाटीवाली नव्हे, आठ पायांची) अंड्यांभोवती रेशमाची पिशवी विणायला लागली की विणकाम संपायच्या आत अळी हळूच आत घुसते. मग काय, एकेका अंड्याला तोंड खुपसायचं आणि ज्यूससारखं ओढायचं. धावपळीचे पाय आता कशाला हवेत, कात टाकून ती गुबगुबीत, जवळजवळ बिनकामाची होते. यांच्याच एका भाऊबंदाची अळी तर काहीतरी रसायन सोडून अंड्यांची वाढच थांबवते, नाहीतर खाऊन होण्याआधीच पिल्लं बाहेर पडायची. फ्रिजच म्हणा ना.

आणि बाहेर काय चाललंय? वुल्फ स्पायडरची आई ती पिशवी पोटाच्या टोकाला बांधून सगळीकडे फिरते, कुणी काढून घ्यायला गेलं तर भांडते. पिल्लं निघायची वेळ झाली की स्वतःच शिवण उसवते आणि सगळ्यांना पाठीवर घेते. या पिशवीत मात्र अंड्यांच्या टरफलांमध्ये एक कोष तयार होत असतो.